शेऱ्याचा रकाना

माझी प्रत्येक बढती एका उतरत्या आकड्यामुळे झाली. हे मला आता दिसतंय. अठरा वर्षं दिसलं नाही, कारण आपल्या कौतुकाच्या गोष्टीत कोण कशाला खोट काढत बसेल?

आमच्या गावाच्या डोक्यावर तलाव आहे आणि तो मातीच्या बांधाने अडवलेला आहे. चार मजली घराएवढा उंच बांध. त्याच्या पोटात मधोमध निळसर राखाडी चिकणमातीची जाड भिंत आहे. ही माती डोंगरापलीकडून गाड्या भरभरून आणली होती. गावात कुठेही खणा, लाल मुरूमच लागतो. निळी माती फक्त बांधाच्या पोटात. पाणी अडवते ती हीच भिंत. तरी थोडं पाझरतंच, मातीचा बांध कितीही चांगला असला तरी पाझरतो. ते पाझरलेलं पाणी पायथ्याशी एका नालीत गोळा होतं आणि पत्र्यात कापलेल्या त्रिकोणी खाचेतून बाहेर पडतं. खाचेत पाणी किती उंच चढलंय ते रोज सकाळी पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं. बांधाची तब्येत कळायची ती एवढ्यावरून. बांधाच्या अगदी पायाशी आहे खालची गल्ली. साठ घरं. मी तिथेच वाढले आणि आई अजून तिथेच राहते.

अभियंता झालेल्या मुलीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न खात्याने सोपा करून टाकला होता: प्रयोगशाळेत. वर्गातली मुलं पूल बांधायला गेली आणि मी सहा वर्षं गावाचं सांडपाणी बाटल्यांत भरून त्यात गाळ किती बसतो ते बघत बसले. आई लोकांना सांगायची, "आमची लेक पाण्याची डॉक्टर आहे." कुठल्या पाण्याची, ते सांगायची नाही. मग बांधावरचा अभियंता बदली घेऊन गेला, दुसरं कोणी यायला तयार होईना, तेव्हा मला पाठवलं. आदेशात 'तात्पुरते' असं लिहिलं होतं. तात्पुरती आलेली माणसंच हाडाला चिकटतात, हे खात्याला ठाऊक नव्हतं.

बांधाच्या चौकीवर मापाडीकाका होते. त्यांचं काम खाच वाचण्याचं. पण धान्य मोजावं तसा आकडा ते सुरात, मोठ्याने म्हणत, म्हणून सगळे त्यांना मापाडी म्हणायचे. त्यांच्या वहीत तारीख, वेळ, तलावाची पातळी आणि खाचेचा आकडा असे चार अरुंद रकाने होते आणि शेवटी एक ऐसपैस पाचवा: शेरा. त्यात काका मन मोकळं करायचे. 'पाणी स्वच्छ. बेडूक फार.' 'डाव्या अंगाला घुशीचं बीळ, बुजवलं.' 'सासूबाई आजारी, वाचन उशिरा.' 'पाण्याला आज किंचित रंग.'

रंग कसा बघायचा ते मीच त्यांना शिकवलं. प्रयोगशाळेची सवय, दुसरं काय. "काका, बाटलीत भरा, खिडकीत ठेवा, दुसऱ्या दिवशी तळाशी काय बसलंय ते बघा. स्वच्छ पाणी नुसतं जातं. गढूळ पाणी बांधाला बरोबर घेऊन जातं." काकांनी मान डोलावली आणि औषधाची एक रिकामी बाटली धुऊन आणली.

तेव्हा खाचेचा आकडा बासष्ट होता. बासष्ट मिलिमीटर म्हणजे जरा जास्तच. मी बांधाच्या पायात ओळीने एक्केचाळीस भोकं पाडून घेतली आणि त्यांत दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण भरलं. साहेब लोक म्हणाले, बाईमाणसाला कोणी एवढं यंत्र कशाला दिलं. वर्षभरात आकडा वीसवर आला. मग तेच साहेब लोक माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला लागले.

पुढच्या वर्षी नोंदी संगणकावर न्यायचं ठरलं आणि तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. बैठकीत मी काकांची वही उघडून शेरे वाचून दाखवले. सासूबाईंच्या शेऱ्याला मोठे साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी म्हणाले, "संगणकाला सासू नसते." आणि पाचवा रकाना काढून टाकला.

काका दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "बाई, मग बाकीचं कुठे लिहायचं?"

"बाकीचं म्हणजे काय असतं काका? आकडा बोलतो की."

त्यानंतर आकडा बोलत राहिला. चौदा. नऊ. चार. मी उपअभियंता झाले, कार्यकारी झाले, तरुण अभियंत्यांना शिकवायला परगावी जाऊ लागले. पडद्यावर तो उतरता आलेख लावायचा आणि लोकांनी वह्यांत उतरवून घ्यायचा. तीन वर्षांपूर्वी आकडा शून्य झाला. चौकीवरून 'निरंक' असा निरोप आला त्या दिवशी कार्यालयात पेढे नाहीत तर निदान चहा तरी झाला. न पाझरणारा मातीचा बांध नसतो, हे मी स्वतः शिकवते. पण आपल्या बांधाची गोष्ट वेगळी असते ना! बांधाच्या पोटातलं पाणी मोजायच्या नळ्यांपैकी निम्म्या माझ्याच सिमेंटने बुजल्या होत्या. त्या पुन्हा खोदायचा प्रस्ताव दरवर्षी माझ्याकडे यायचा आणि मी त्यावर लिहायची: 'आकडा समाधानकारक. तूर्त आवश्यकता नाही.'

मुख्य अभियंता म्हणून माझं नाव पक्कं झालं तो आठवडा हा. खात्यात पहिली बाई. रुजू होण्याआधी एकच काम उरलं होतं, बांध सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सोमवारी सही करायची. तलाव काठोकाठ भरलेला होता. रविवारी मी आईकडे गेले.

आई परसातल्या विहिरीपाशी माझी वाट बघत उभी होती. "हे बघ तुझं देणं," म्हणाली. "दोर नको, रहाट नको. वाकलं की हाताने तांब्या बुडतो. सगळी गल्ली म्हणते, लेकीने विहीर भरून दिली."

मी वाकले. आमच्या विहिरीचं पाणी लहानपणी इतकं खोल असायचं की हाक मारली तर उत्तर सावकाश यायचं. आता ते काठापासून हातभर खाली होतं, आणि दूध विसळल्यासारखं दिसत होतं.

"कधीपासून असं?"

"चढतंय दोनतीन वर्षं. रंग या महिन्यातला. गाळून घेते मी. तू काय अशी बघतेस? पाणी वाढलं तर वाईट का?"

मी तांब्या भरून ओट्यावर ठेवला. जेवलो, आईने माझ्या बढतीबद्दल शिंप्याला काय सांगितलं आणि शिंपी काय म्हणाला ते सगळं ऐकलं. उठताना तांब्यातलं पाणी हलकेच ओतलं. तळाशी बोटाच्या टोकाला लागेल एवढा गाळ बसला होता. तो मी चिमटीत धरून चोळला. मऊ, चिकट. निळसर राखाडी.

कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात, तसं नव्हतं हे. पाणी मुरत नव्हतं, ते बांधाची भिंत कणाकणाने घेऊन आईच्या विहिरीत आणून टाकत होतं.

तशीच चौकीवर गेले. काका दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. टेबल आवरत बसले होते. मी गाळ लागलेलं बोट पुढे केलं. त्यांनी ते बघितलं, उठले आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

फळ्यांवर बाटल्या होत्या. औषधाच्या, तेलाच्या, शाईच्या. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. महिन्याला एक, अठरा वर्षं. पहिल्या दोन फळ्यांवरच्या बाटल्यांच्या तळाशी काहीच नव्हतं. तिसरीवर एक रेघ दिसू लागली, पेन्सिलने ओढल्यासारखी. चौथीवर ती नखाएवढी जाड होती. शेवटच्या फळीवर प्रत्येक बाटलीत दोन बोटं निळी माती बसलेली होती.

"खाच तर कोरडी आहे काका. हे पाणी आणलंत कुठून?"

"खाच कोरडी पडली तशी दीडशे पावलांवर, झुडपांच्या मागे, जमीन ओली झाली. पाण्याने वाट बदलली बाई. तिथलं भरतो."

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दोनदा आलो होतो कार्यालयात. एकदा तुम्ही परगावी होता शिकवायला. एकदा बाहेरच्या खोलीतल्या साहेबांनी विचारलं, तक्त्यात कुठे बसतं हे? मी म्हटलं, बसत नाही. मग ते म्हणाले, जा. तरी तुम्ही सांगितलं होतं ना, बाटली भरा, बघा. म्हणून भरत राहिलो."

मी खाली बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात; इथे दिवाही मीच होते.

सोमवारी दाखल्यावर सही केली नाही. तलाव उतरवायला दरवाजे उघडायचा हुकूम दिला. पण दरवाजे उघडले म्हणजे झालं असं नसतं. एकदम पाणी सोडलं तर खालच्या नाल्यात मावत नाही आणि पातळी भराभर उतरली तर बांधाची आतली बाजू घसरते. हिशेब करून बघितला. अकरा दिवस. अकरा दिवस बांधाने तग धरायला हवा होता आणि तोवर खालची गल्ली रिकामी व्हायला हवी होती.

मोठे साहेब फोनवर म्हणाले, "पाणी उतरव, माझी ना नाही. पण नोटिशीत शब्द जपून वापर. लोक घाबरले तर चेंगराचेंगरी होईल. आणि तू परवा रुजू होते आहेस." साहेब वाईट माणूस नाही. शब्द जपून वापरायला मला त्यांनी सांगायचीही गरज नव्हती, मी आधीच जपून लिहिले होते. 'नियमित देखभालीच्या कामानिमित्त, खबरदारीचा उपाय म्हणून, रहिवाशांनी टेकडीवरच्या शाळेत तात्पुरते स्थलांतर करावे.' रात्रभर त्या नोटिशीतला एकही शब्द खोटा नाही अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत साठांपैकी चार घरं हलली. चारही भाडेकरू, गावात नवीन. बाकीच्यांनी नोटीस वाचली आणि घडी करून ठेवली.

मी शिंप्याच्या दुकानात गेले. गल्लीतली अर्धी माणसं तिथेच होती. शिंपी माझ्या बरोबरीचा, मशीनवरून पाय न काढता म्हणाला, "ताई, तुमचं खातं म्हणजे अति काळजी. अति तिथे माती." सगळे हसले. "तुम्हीच तर शाळेत येऊन सांगितलं होतं, हा बांध आता थेंब सोडत नाही. माझ्या पोराने निबंध लिहिला त्याच्यावर. बक्षीस मिळालं."

"थेंब सोडत नाही तेच तर..."

"आणि तुमची आई कुठे हललीय? ती उठली की आम्ही उठू."

आई खरंच उठली नव्हती. आरामखुर्चीत बसून शेजारणीला सांगत होती, "जायचं काय आहे? बांध माझ्या लेकीने पक्का केलाय. तिचंच खातं, तिलाच कागद काढायला लावतं. नोकरी म्हटलं की करावं लागतं." आणि माझ्याकडे बघून तिने डोळा मिचकावला. मी किती वर्षं त्या कौतुकावर जगले होते! आणि आता त्याच कौतुकाचं कुलूप साठ दारांना लागलं होतं.

तेवढ्यात चौकीवरून काकांचा फोन आला. मी त्यांना झुडपांमागच्या ओल्या जागी दर तासाला मोजायला सांगितलं होतं. तिथे आता झरा झाला होता आणि काका त्याच्याखाली बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते बघत होते. "सकाळी चाळीस, बाई. आत्ता एकतीस."

एक दिवस मी शब्द जपण्यात घालवला होता.

बुधवारी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर उभी राहिले. मोठ्याने बोलायची मला सवय आहे, पण पडद्यासमोर, आलेख दाखवत. इथे माझ्या हातात शेवटच्या फळीवरची एक बाटली होती.

"माझं चुकलं," मी म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणाले. "बांध पाझरायचा थांबला नव्हता. पाणी दुसरीकडून जात होतं. तुमच्या विहिरी भरल्या त्या त्यानेच. ही माती बांधाच्या पोटातली आहे. मापाडीकाकांना दिसत होतं, पण त्यांनी लिहायचं कुठे, ती जागाच मी काढून टाकली होती. मी तुम्हाला पक्का आहे म्हणून सांगितलं, ते खोटं निघालं. बांध फुटू शकतो. आज, उद्या, मला माहीत नाही. उठा."

शिंप्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली. माती सावकाश खाली आली. त्याचा चेहरा पडला तो बघवत नव्हता.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली. दोन मिनिटांनी पिशवी घेऊन बाहेर आली, दाराला कुलूप घातलं आणि माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "हे कालच म्हणायचं होतंस." मग शेजारणीकडे वळून आवाज चढवला, "बघत काय बसलीस? ऊठ!"

दुपारपर्यंत गल्ली हलली. गाद्या, मशीन, पक्ष्यांचे पिंजरे, अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा दरवाज्याच्या फळीवरून. संध्याकाळी पोलिसांबरोबर मी घर न् घर बघितलं. साठच्या साठ रिकामी. आमच्या परसात विहिरीचं पाणी काठावरून वाहायला लागलं होतं.

मोठ्या साहेबांचा निरोप आला होता, रुजू होण्याचा आदेश तूर्त थांबवला आहे. वाचला आणि खिशात टाकला. त्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही, उगाच खोटं का सांगू? पुढे वाटलं.

गुरुवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले होते. समोर काकांची जुनी वही होती, पाच रकान्यांची. चौकीतून मीच उचलून आणली होती. टेकडीवरून बांध पूर्ण दिसतो, हिरवा, सरळ, शांत. पाणी तीन हात उतरलं होतं. अजून आठ दिवस. काका दर तासाला आकडा सांगत होते आणि मी लिहीत होते. सात वाजता एकोणीस सेकंद. आठ वाजता पंधरा.

आई चहा घेऊन आली. वहीकडे बघून म्हणाली, "तो अजून खालीच आहे?"

"आकडा हवा ना, आई. आकड्याशिवाय मला कळणार कसं?"

आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ कळला होता, आणि तरी मी म्हणाले, "दहाचं वाचन झालं की बोलावते वर." नऊ वाजता अकरा सेकंद होते. नऊचा आकडा बघूनच बोलवायला हवं होतं. सातचाही पुरेसा होता. साठ घरं रिकामी केली आणि एक माणूस मी स्वतः खाली बसवून ठेवला होता, कारण मला अजून एक आकडा हवा होता.

दहाला फोन वाजला नाही. दहा मिनिटं वाट बघून मी लावला. काकांनी लगेच उचलला. मागे इतका आवाज होता की आधी मला वाटलं कुठेतरी यंत्र चालू आहे.

"काका, वर या. सगळं टाका, टेकडीकडे पळा."

"बाई, आकडा राहू द्या. बादली गेली." ते धापा टाकत होते, पण सूर तोच होता, धान्य मोजायचा. "शेरा लिहून घ्या."

"काका, पळा!"

"पळतोय. लिहा. पाणी निळं. झऱ्याचं तोंड दाराएवढं. बांधाचा माथा मधोमध बसला. खाली कोणी नाही."

"तुम्ही आहात!" मी ओरडले.

त्यावर उत्तर आलं नाही. मी मान वर केली. बांधाच्या हिरव्या रेषेत मधोमध एक खळगा पडला होता. मी बघत असतानाच तो रुंद झाला आणि त्यातून पाणी आलं. आवाज नंतर पोचला. शाळेच्या आवारातली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोन माझ्या कानाशी तसाच होता.

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं, त्याच शब्दांत, पाचव्या रकान्यात. फक्त शेवटचे तीन शब्द लिहिताना हात थांबला. 'खाली कोणी नाही' हे खरं नव्हतं. पण शेरा त्यांचा होता, आणि या वेळी त्यातला एक शब्दही मी गाळणार नव्हते.